एका तासाचा शब्द



हंगाम सुरू झाला की आपल्या तोंडी एकच प्रश्न असतो : तोड कधी? चिटबॉय म्हणतो, "परवा." परवाचा दिवस मावळतो, टोळी काही येत नाही. शेवटी एकदाची येते, ऊस तुटतो, आणि मग वाहनाची वाट बघत बसायचं. फडात पडलेल्या उसाचं वजन कसं घटतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच खरी वेळ सांगणाऱ्या आणि सांगितलेली वेळ पाळणाऱ्या माणसाची किंमत आपल्याला जरा जास्त कळते.

अशाच एका माणसाची ही हकिगत आहे. माणूस आपल्या भागातला नव्हे, पंजाबचा. पण ज्यांच्यापुढे उभं राहून त्यांनी ती वेळ सांगितली, ते मात्र आपले यशवंतराव चव्हाण. त्या माणसाचं नाव अर्जनसिंग, भारतीय हवाई दलाचे त्या वेळचे प्रमुख.

दिवस होता १ सप्टेंबर १९६५. त्या दिवशी पहाटे पाकिस्तानी तोफांनी जम्मू भागात छांबवर आग ओकायला सुरुवात केली. पाठोपाठ पॅटन रणगाडे आत घुसले. त्यांचं लक्ष्य होतं चिनाब नदीकाठचं अखनूर. तिथला पूल शत्रूच्या हाती गेला असता तर राजौरी-पूंछकडच्या आपल्या फौजेची वाट तुटली असती. आपल्याकडे त्या ठिकाणी रणगाडे थोडे, तेही हलके. जवान झुंजत होते, पण दुपारपर्यंत रेटा अनावर झाला.

दिल्लीत यशवंतराव संरक्षणमंत्री होते. दुपारी उशिरा त्यांच्या कार्यालयात भूदलाचे प्रमुख जनरल चौधरी आणि अर्जनसिंग आले. चौधरींनी विमानांची मदत मागितली. अर्जनसिंगांना विचारणा झाली, किती वेळ लागेल? त्यांनी सांगितलं, एक तास.

इथे जरा थांबून तीन वर्षं मागं जाऊ. १९६२ साली चीनशी लढाई झाली तेव्हा आपली लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली. विमानांनी रसद पोहोचवली, जखमींना आणलं; पण बॉम्ब आणि तोफांनिशी लढायला त्यांना सोडलं नाही. त्या पराभवानंतरच यशवंतराव महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेले होते. विमानं वापरायची की नाही हा प्रश्न किती नाजूक आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. विमानं उडाली की लढाई वाढणार, पुढचं कुणाच्या हाती राहील सांगता येत नाही. तरीही मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न बघता त्यांनी काही मिनिटांत हुकूम दिला. दिवस मावळायला फार वेळ उरला नव्हता. अंधार पडला असता तर त्या हुकमाचा त्या दिवशी काहीच उपयोग नव्हता.

आणि खरोखरच तासाभराच्या आत पठाणकोटहून पहिली विमानं उडाली.

आता असा शब्द द्यायची हिंमत कुठून येते? "करतो साहेब" म्हणणारे पुष्कळ असतात. अर्जनसिंगांना एक तास म्हणता आलं, कारण त्या तासात काय काय करावं लागतं हे त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं होतं.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १९१९ रोजी लायलपूरचा. चिनाबच्या कालव्यावर वसवलेला तो मुलूख. कालवा आला आणि माळरानाची शेती झाली. बाप, आजा, पणजा घोडदळात. हा मुलगा पोहण्यात पटाईत. १९३८ साली इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला वैमानिकाच्या शिक्षणासाठी निवड झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९३९ च्या डिसेंबरात, तो हवाई दलाचा अधिकारी झाला. सरहद्द प्रांतात टोळीवाल्यांच्या गोळीबारात त्याचं विमान पाडलं गेलं. विमान कोरड्या ओढ्यात आदळलं, स्वतःला दुखापत झाली. मागे बसलेला तोफची गडबडून शत्रूच्याच दिशेनं पळत सुटला. अर्जनसिंगांनी मागे धावून त्याला परत फिरवलं.

१९४४ साली जपान्यांनी इंफाळला वेढा घातला तेव्हा ते एक नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. जपानी पलटणींच्या हालचाली टिपायच्या आणि त्यांच्यावर मारा करायचा, हे काम त्यांच्या हरिकेन विमानांनी केलं. त्याबद्दल लॉर्ड माउंटबॅटन यांनी रणभूमीवर येऊन त्यांच्या छातीवर शौर्यपदक लावलं. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीवरून शंभरावर विमानांचा ताफा उडाला, त्याचं नेतृत्वही त्यांचंच. स्वातंत्र्य आलं आणि लायलपूर मात्र पाकिस्तानात गेलं.

पुढे पश्चिम सरहद्दीची हवाई कमान त्यांनी दोनदा सांभाळली. १ ऑगस्ट १९६४ ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते हवाई दलाचे प्रमुख झाले. समोरच्या बाजूचे लोकही अनोळखी नव्हते. पाकिस्तानी हवाई दलाचे असगर खान हे फाळणीपूर्वीच्या एकाच दलातले. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात कुरबूर सुरू झाली तेव्हा असगर खानांनी सरळ अर्जनसिंगांना फोन केला, आणि दोन्हीकडची विमानं या भांडणात उतरली नाहीत. सप्टेंबरात मात्र तशी वाट उरली नव्हती.

आता त्या तासाचा हिशेबही सांगितला पाहिजे. आपण सभासद माणसं, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू बघतो.

पठाणकोटला त्या वेळी हाताशी होती ती व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमानं. व्हॅम्पायर म्हणजे १९४८ पासूनचं जुनं मॉडेल, पुढचा भाग चक्क लाकडाचा. समोर होती अमेरिकन सेबर. १२ व्हॅम्पायर गेली, त्यातली ४ परतली नाहीत. तीन वैमानिक मारले गेले, एकानं छत्रीनं उडी घेतली. खाली धूळ आणि धूर इतका, की काही मारा आपल्याच फौजेवर पडला. दुसऱ्या बाजूला, विमानं आल्यामुळे पॅटनचा वेग तुटला, अखनूरचा पूल वाचला, आणि भूदलाला एक रात्र मिळाली. लढाईत एक रात्र म्हणजे काय, हे माजी सैनिक सभासदांना विचारावं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते जास्त महत्त्वाचं. चूक झाकत बसण्यात वेळ गेला नाही. व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेतली आणि बंगलोरच्या कारखान्यात बनणारी छोटी नॅट विमानं पठाणकोटला आणली. ३ सप्टेंबरला त्याच नॅटनी सेबरशी टक्कर घेतली. पुन्हा ६ सप्टेंबरला पठाणकोटवर अचानक हल्ला झाला आणि दहाच्या आसपास विमानं जमिनीवरच जळाली. तो मोठाच फटका होता. पण ७ तारखेला पहाटे आपली विमानं शत्रूच्या प्रदेशात खोल, सरगोध्यावर गेली. त्यात अर्जनसिंगांच्या जुन्या एक नंबर स्क्वाड्रनचे स्क्वाड्रन लीडर देवय्या होते. त्यांनी आपल्या मिस्टेअरनं, किती तरी वेगवान असलेलं स्टारफायटर पाडलं. ते स्वतः परतले नाहीत. त्यांना महावीरचक्र मिळालं १९८८ साली, तेवीस वर्षांनी.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबलं. अर्जनसिंगांना त्याच वर्षी पद्मविभूषण मिळालं आणि १९६६ मध्ये ते हवाई दलाचे पहिले एअर चीफ मार्शल झाले. ६० च्या वर जातींची विमानं त्यांनी चालवली, आणि प्रमुख झाल्यावरही विमान चालवणं सोडलं नाही. खुर्चीवर बसलेल्यानं मधूनमधून स्वतः काम करून बघावं, तरच एक तास म्हणजे किती हे त्याच्या ध्यानात राहतं.

१९६९ साली पन्नाशीत निवृत्त झाले. पुढे स्वित्झर्लंडला राजदूत, केनियात उच्चायुक्त, १९८९ पासून वर्षभर दिल्लीचे नायब राज्यपाल, अशी कामं केली. २००२ साली त्यांना मार्शल ऑफ द एअर फोर्स हा पंचतारांकित हुद्दा मिळाला. हवाई दलात हा मान त्यांच्याखेरीज कुणाला मिळालेला नाही. २०१५ मध्ये माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचं पार्थिव दिल्लीत आलं तेव्हा शहाण्णव वर्षांचे अर्जनसिंग चाकाच्या खुर्चीतून आले आणि खुर्चीतून उठून, उभं राहून त्यांनी सलाम केला. १६ सप्टेंबर २०१७ रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

शेवटची गोष्ट खास आपल्यासाठी. दिल्लीजवळ त्यांची शेती होती. ती त्यांनी विकली आणि त्यातून दोन कोटी रुपये हवाई दलातल्या निवृत्त माणसांच्या मदतीसाठी विश्वस्त निधीत घातले. जमीन विकणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. बांध कोरला तरी आपण कोर्टात जातो. ज्यांनी आपल्या शब्दाखातर जुनाट विमानं घेऊन उड्डाण केलं, अशा माणसांचं देणं त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत मनात ठेवलं, असंच आम्हाला वाटतं.

यंदाच्या हंगामात तोडीची तारीख देणाऱ्यानं आणि नोंदीची तारीख सांगणाऱ्या आपणही, "परवा" म्हणण्याआधी त्या एका तासाची आठवण ठेवू या.

जय सहकार!