शरीराच्या नकाशावरचे बांध

गावात शेताची मोजणी येते तेव्हा काय होते, हे आपण पाहिलेच आहे. बांध हातभर सरकला तरी दोघे भाऊ कचेरीची पायरी चढतात. मग ज्या नकाशावर रोग्याच्या जिवाचा हिशेब, त्यावरची रेघ किती चोख हवी! कर्करोगावर किरणांचा उपचार करावयाचा, तर गाठ कोठे संपते नि निरोगी भाग कोठे सुरू होतो, हे आधी आखावे लागते. रेघ आत पडली तर गाठीचा अंश शिल्लक राहतो. फार बाहेर गेली तर चांगल्या भागाला इजा होते. या कामी संगणक कशी मदत करतो, ते पाहू.

संगणकाला चित्र दिसत नाही. त्याला दिसतात आकडे. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. अशा चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००, टणक हाडाचा कित्येक शेकडे. एका चित्रात बहुधा ५१२ ओळी नि दर ओळीत ५१२ ठिपके. म्हणजे झाले २,६२,१४४ आकडे!

यांची वाटणी करण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे चाळण. एक आकडा ठरवायचा. त्याच्या वरचे एकीकडे, खालचे दुसरीकडे. तो आकडा कसा निवडावा, याचा नियम जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली मांडला : प्रत्येक ढिगातले आकडे आपसांत शक्य तितके सारखे असावेत. हाड असे चटकन निराळे होते. पण यकृत आणि प्लीहा यांचे आकडे जवळजवळचे. ती दोन्ही चाळणीतून एकत्रच पडतात.

दुसरी रीत आपल्या ओळखीची आहे, पाणलोटाची! शेजारच्या ठिपक्यांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तेथे डोंगर मानायचा, फरक थोडा तेथे खोलगट जागा. मग खोलगटांतून पाणी चढू द्यायचे. दोन तळी मिळू पाहतील तेथे बांध घालायचा, तीच सीमा. गंमत अशी की, बारीकसारीक खड्ड्यांतही डबकी साठतात नि एका यकृताचे पन्नास तुकडे होतात. म्हणून पाणी कोठून सोडायचे, याच्या खुणा आधी कराव्या लागतात.

तिसरी रीत शिकवणीची. २०१५ साली जर्मनीतील फ्रायबुर्गच्या संशोधकांनी यू-नेट नावाची रचना मांडली. तज्ज्ञांनी आखलेली चित्रे पाहून ती शिकते. चित्र पायरीपायरीने लहान करून आधी एकंदर काय आहे ते जाणते, मग पुन्हा मोठे करीत नेमकी कड शोधते.

आता गुरुजी म्हणतील, मग डॉक्टर कशाला? आपला एखादा विद्यार्थी वहीतली उदाहरणे घडाघडा सोडवतो, पण निराळे गणित आले की अडखळतो ना? तसेच हे. मोठ्या माणसांच्या चित्रांवर शिकलेला संगणक लहान मुलाच्या चित्रात चुकू शकतो, आणि चुकलेली रेघही तो तितक्याच ठामपणे काढतो. म्हणून रेघ संगणकाने आखली तरी ती तपासून त्याखाली सही करायची ती डॉक्टरनेच.

शिक्षकबंधूंनी चौकटीच्या कागदावर आकडे भरून मुलांना ‘यातली सीमा आखा’ असे सांगून पाहावे. दोन मुलांच्या रेघा कोठे जुळत नाहीत, तेवढे मात्र वर्गात जरूर विचारावे.