खाजगी संभाषण आणि शासनाचा कान : एका कायदेसंहितेचे वाचन

ऑगस्ट १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांनी कर्नाटकच्या मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजकीय नेत्यांचे दूरध्वनी चोरून ऐकले गेल्याचा आरोप त्यामागे होता. बंगळूरचे हे प्रकरण सामान्यतः सत्तास्पर्धेचा एक प्रसंग म्हणून सांगितले जाते; परंतु त्याच्या मुळाशी अर्थनिर्णयनाचा प्रश्न होता.

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाचे कलम ५(२) ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवली असता किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितार्थ’ संदेश अडविण्याची मुभा शासनास देत असे. या दोन्ही पदांची व्याख्या मात्र अधिनियमात नव्हती. अमेरिकेत १९६७ च्या कॅट्झ खटल्यापासून अशा श्रवणाला न्यायाधीशाचे वॉरंट आवश्यक मानले गेले. त्यामुळे २००५ मध्ये तेथील गुप्त श्रवण उघडकीस आले तेव्हा ‘वॉरंट होते काय?’ असे विचारता आले. भारतीय कायद्याने वॉरंट मागितलेच नव्हते. येथील प्रश्न असा, की या पदांचा अर्थ कोणी लावावयाचा?

१८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी-संभाषणाचा खाजगीपणा संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला. आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता या गुप्त अवस्था नव्हेत, त्या सुबुद्ध व्यक्तीस सहज जाणवाव्यात, असेही सांगितले. म्हणजेच न्यायालयाने संहितेचा प्रमाण वाचक निश्चित केला. तथापि पूर्व न्यायालयीन संमती मात्र आवश्यक ठरविली नाही. आदेश गृहसचिवाचा आणि फेरतपासणी सचिवांच्याच समितीची, अशी व्यवस्था घालून दिली. ज्याचे बोलणे ऐकले जाते त्याला आदेशाची वार्ताही नसते. सुबुद्ध वाचक कल्पिला गेला, पण त्याच्या हाती संहिताच पडली नाही.

या विसंगतीचे मोल २०१९ मध्ये दिसले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरविला होता. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचप्रकरणातील तीन श्रवण-आदेश रद्द केले. त्या दोन पदांपैकी एकही तेथे लागू पडत नव्हते. परंतु हे वाचन खटला उभा राहिल्यामुळेच शक्य झाले. त्याच वर्षी बंगळुरात पुन्हा असेच आरोप झाले व तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

२०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने तीच दोन पदे कायम ठेवली आहेत. शब्द संविधानसंमत असले, तरी त्यांचा अर्थ बंद दालनात लागत असेल तर हक्काची शाश्वती अपुरीच राहते.