आधी गाडी, मग मजले

राजापेठेच्या चौकात संध्याकाळी सात वाजता उभे राहिले की अमरावती शहर कोणत्या दिशेने वाढते आहे, हे वेगळे कुणी सांगावे लागत नाही. बडनेरा रोडने येणारी वाहनांची रांग, बसस्थानकाकडे वळणारी एसटी, सवारीसाठी रेंगाळणारे ऑटो आणि या साऱ्यांच्या डोक्यावरून गेलेला उड्डाणपूल. येथले जुने रेल्वे फाटक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आठवत असेल, फाटक पडले की सायकलवाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सारे सारखेच खोळंबायचे. आता फाटकाची कटकट गेली, पण खोळंबा काही गेला नाही. पूर्वी गाडी येणार म्हणून माणसे थांबत. आता माणसांच्याच गाड्या इतक्या झाल्या आहेत की त्यांच्यामुळे थांबावे लागते.

या चौकापासून पायी सात मिनिटांवर माझ्या मावशीचे घर आहे. तीन हजार चौरस फुटांचा प्लॉट, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब, मागे विहीर. दिवाळीला सगळे जमले असताना घरात एकच विषय होता. पुढचा, मोठ्या रस्त्यावरचा प्लॉट एका बिल्डरने घेतला आहे आणि मावशीचा प्लॉट त्याला जोडून सात मजली इमारत बांधण्याचा त्याचा विचार आहे. मोबदल्यात दोन्ही मुलांना एकेक फ्लॅट आणि वर काही रक्कम.

मावशीने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "काहून पाडतं रे बापू? लाईन गेली त सातव्या मजल्यावर मले कोन चढवते?"

मोठ्या मुलाला वेगळीच काळजी. गल्ली अरुंद, त्यात इतकी बिऱ्हाडे आली तर गाड्या कुठे लागणार, पाणी कुठून येणार? पुण्यात नोकरीला असलेला धाकटा मात्र हिरीरीने बोलत होता. "आई, प्रत्येकाने अंगणवालं घर बांधायचं म्हटलं तर शहर जाऊन जाऊन जाईल कुठे? शेतातच ना? मग तिथल्या माणसाला दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा गाडी काढावी लागते. त्यापेक्षा बसस्थानकाजवळ, बाजाराजवळ चार मजले जास्त झाले तर काय बिघडलं?"

वाचकहो, असे वाद आज अनेक घरांत चालू आहेत. त्यात बहुधा एक जण जुन्या विचारांचा आणि दुसरा पैशाचा लोभी ठरवला जातो. मला मात्र त्या दिवशी तिघांचेही म्हणणे पटले, आणि म्हणूनच हा विषय जरा उलगडून पाहावासा वाटला.

धाकटा जे सांगत होता, तो विचार जगभर मान्यता पावलेला आहे. रेल्वेचे स्थानक किंवा बसचा मोठा थांबा, त्याच्याभोवती पायी जाण्याच्या अंतरात दाट वस्ती, दुकाने, शाळा, दवाखाने. आणि जसजसे दूर जावे तसतशी विरळ घरे. यात नवीन ते काय, असे वऱ्हाडी माणूस विचारील, आणि ते बरोबरच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या भीतीने अमरावतीला दगडी परकोट बांधला गेला. जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत. त्या परकोटाच्या आतले गाव दाटच होते. भिंतीला भिंत लागून वाडे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. देऊळ, बाजार, वैद्य, सारे पायाखाली. दाटी आपल्याला परकी नाही.

रेल्वेही नवी नाही. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला तेव्हा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि कापसाची एवढी मोठी पेठ असलेली अमरावती बाजूला राहिली. मग बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत फाटा काढावा लागला. तोच मार्ग आजही राजापेठेतून जातो. मुंबईत तर उपनगरे अशीच वसली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. पुढे डोंबिवलीपर्यंत माणसे जाऊन राहिली ती लोकलच्या भरवशावर. लोकल काढून घ्या, डोंबिवलीत कोण राहील?

गोम आहे ती नेमकी या भरवशात.

आपल्याकडे इमारत किती उंच न्यायची हे चटई क्षेत्र निर्देशांकावर ठरते. अवघड वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात सोपी आहे. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो हा आकडा. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिच्यानुसार आपल्यासारख्या महापालिकांत, जुन्या दाट वस्तीचा भाग सोडला तर, मूळ निर्देशांक १.१ आहे. म्हणजे मावशीच्या प्लॉटवर ३,३०० चौरस फूट. त्याहून जास्त हवे असेल तर शासनाला अधिमूल्य भरून किंवा विकास हक्क विकत घेऊन ते मिळते, पण किती मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला ही वाढ नाही, रुंद रस्त्याला जास्त. मावशीच्या गल्लीतल्या प्लॉटला पुढचा प्लॉट जोडण्याचा खटाटोप कशासाठी, ते आता ध्यानात यावे.

नागपूर आणि पुण्यात याच्या पुढचे पाऊल पडले आहे. नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये आणि पुण्याची २०२२ मध्ये सुरू झाली. तेथे मेट्रोलगतच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत निर्देशांक देण्याची तरतूद आहे. म्हणजे तेवढ्याच प्लॉटवर बारा हजार चौरस फूट. ८०० फुटांचा एक फ्लॅट धरला तर पंधरा कुटुंबे. यातल्या प्रत्येक घरी दोन दुचाक्या आणि एक चारचाकी आली, तर ४५ वाहने झाली. पण दारातून निघून सात मिनिटांत मेट्रो गाठता येत असेल, तर त्यातली निम्मी वाहने लोक घेणारच नाहीत, असा त्यामागचा हिशेब आहे.

राजापेठेत मेट्रो नाही. येथे उंचीची परवानगी रस्त्याच्या रुंदीवरून मिळते, आणि रुंद रस्ता म्हणजे वाहनांचा रस्ता. तेव्हा मजले वाढणार, कुटुंबे वाढणार; पण त्यांनी गाडी घेऊ नये असे सांगायला आपल्याकडे आहे काय? शहर बस किती मिनिटांनी येईल याचा नेम नाही. बडनेरा आणि अमरावती ही १९८३ पासून एकाच महापालिकेतली दोन गावे, दोघांना जोडणारा लोहमार्ग तयार, पण त्यावरून कामावर जाऊन संध्याकाळी परतावे, असा घड्याळाचा भरवसा रोजच्या प्रवाशाला नाही. २००१ मध्ये साडेपाच लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये साडेसहा लाखांच्या घरात गेली. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून विमानही उडू लागले. मुंबईचे विमान आले, पण बडनेऱ्याच्या बसची वाट पाहणे संपले नाही.

मेट्रो नाही म्हणजे मार्गच नाही, असेही नव्हे. ब्राझीलमध्ये कुरितिबा नावाचे शहर आहे. मेट्रो परवडत नाही म्हणून त्यांनी १९७४ मध्ये मोठ्या रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका काढल्या. उंच इमारतींना परवानगी दिली ती या मार्गांच्या कडेलाच. मागे जावे तसतशी उंची कमी. बस वेळेवर येते म्हणून लोक तिच्याजवळ राहायला आले, आणि लोक जवळ राहतात म्हणून बसला प्रवासी मिळाले. ज्यांना अंगण हवे होते त्यांचे अंगणही मागच्या गल्लीत शाबूत राहिले.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. मजले आधी, बस नंतर कधीतरी. मधल्या काळात घेतलेली मोटारसायकल पुढे बस आली तरी कुणी विकत नाही. म्हणून राजापेठेसारख्या जागी मजले वाढवायचे असतील तर आधी दर दहा-पंधरा मिनिटांनी बस धावू द्या, बडनेऱ्याच्या लोहमार्गाचा रोजच्या प्रवासाला उपयोग करा, चौकापर्यंत म्हाताऱ्या माणसाला चालता येईल असा फुटपाथ द्या. बिल्डरांकडून अधिमूल्य घेतलेच जाते; त्यातला ठरावीक वाटा त्याच भागातल्या बससाठी, फुटपाथसाठी आणि पाण्यासाठी बाजूला काढा. ऊर्ध्व वर्धा धरणातून सिंभोऱ्याहून पाणी येते खरे, पण ते सातव्या मजल्यावर आपोआप चढत नाही. एवढे झाले, तर दाटीला विरोध करण्याचे कारण मलाही दिसत नाही.

मावशीच्या घरी अजून सही झालेली नाही. निघताना ती दारापर्यंत आली. पूर्वी नवरात्रात ती बसने अंबादेवीला जात असे, आता ऑटोवाला मागेल ते द्यावे लागते. म्हणाली, "बिल्डरले इचारजो, घर घेतं त घे, पन चौकातून देवीले जायाले बस देतं काय?"

बिल्डर हसेल. पण हा प्रश्न त्याच्यासाठी नाहीच. तो मजल्यांना परवानगी देणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपल्यासाठीही आहे.