गावाचे आरोग्य गावाच्या हाती : जामखेडचा प्रयोग

आरोग्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मोठा दवाखाना, पांढऱ्या कोटातील डॉक्टर आणि इंजेक्शनची सुई उभी राहते. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना आजारपणाचे आणखी एक रूप दिसते. सोनेतारण कर्जासाठी आलेल्या बाईच्या अर्जावर कारण 'घरगुती' असे लिहिलेले असते, पण हातातल्या पिशवीतून एक्स-रेचे मोठे पाकीट डोकावत असते. केंद्र सरकारच्याच हिशेबाप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोक स्वतःच्या खिशातून भरत असलेला वाटा २००४-०५ साली ६९ टक्के होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे हे मान्यच करावे लागेल. परंतु खिशातून म्हणजे पुष्कळदा गळ्यातून, हे आकड्यांत दिसत नाही.

औषधोपचार सर्वांपर्यंत पोहोचवणे हे सरकारचे काम, यात वाद नाही. पण लोकांच्या संस्था, मंडळे व संघटना यांचे त्यात काय काम, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, पन्नास वर्षांपूर्वी तयार झाले. परदेशातून माणसे ते पाहायला आली. आपल्यापैकी कितीजण तेवढ्यासाठी जामखेडला उतरले असतील, याची आम्हाला शंका आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे हे आपल्याच जिल्ह्यातले. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नंतर त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळा मिशनच्या रुग्णालयात काही वर्षे काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, बरे होऊन गेलेला रोगी थोड्याच दिवसांत तोच आजार घेऊन परत येतो. हगवण, कुपोषण, धनुर्वात, बाळंतपणातील मृत्यू यांपैकी बहुतेक गोष्टी दवाखान्याबाहेरच टळू शकल्या असत्या. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य १९७० साली परत आले आणि त्यांनी मुद्दाम जामखेड निवडले. बीडच्या हद्दीला लागून असलेला हा तालुका कायमचा अवर्षणग्रस्त. गुरांच्या एका जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले. दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला.

अशा वेळी गावकऱ्यांनी डॉक्टरांकडे औषध मागितले नाही, पाणी आणि अन्न मागितले. येथेच या प्रयोगाचे मर्म आहे असे आम्हाला वाटते. संस्थेने मुलांच्या जेवणाची सोय केली आणि कूपनलिकांचे काम हाती घेतले. बोअर घेताना तो शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या लगत घ्यावा, असा आग्रह धरला गेला. पाणी हवे असेल तर सवर्ण बाईने तेथे हंडा घेऊन यावे! १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न ऐरणीवर आला, तो १९७० च्या दशकातही आपल्या खेड्यांत सुटलेला नव्हता, हे जाणत्या वाचकांना सांगायला नको. ज्या वस्तीला विहिरीवर हात लावू दिला जात नाही, तिच्या मुलांची हगवण गोळ्यांनी थांबत नाही. तरुण शेतकऱ्यांची मंडळे निघाली. निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र यावीत म्हणून व्हॉलीबॉलचे सामने भरवले गेले. हे वाचून काहींना हसू येईल, पण चेंडू जात विचारत नाही.

गावात आरोग्याचे काम कोणी करायचे, हा खरा पेच होता. सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाईंना पाठवून पाहिले. खेड्यात एकटीने राहणे त्यांना जमेना आणि त्यांचे बोलणे गावच्या बायांना पटेना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. अशा निवडलेल्या बायांमध्ये पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत आणि शिकत. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र झोपणे. पहिल्या काही आठवड्यांत जेवणाच्या पंक्तीचाच धडा सर्वांत अवघड गेला असणार.

त्या काय शिकल्या? मुलाचे वजन करणे, गरोदर बाईची तपासणी, नाळ कापताना स्वच्छता, कुष्ठरोग व क्षय यांची लक्षणे ओळखणे. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे, ही जुनी समजूत कितीतरी मुलांचा जीव घेत असे. वास्तविक मूल दगावते ते अंगातले पाणी आटल्यामुळे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्याने ते वाचू शकते. हीच गोष्ट शहरातला डॉक्टर सांगतो तेव्हा आई मान डोलावते आणि घरी जाऊन सासूचे ऐकते. पण शेजारची बाई, जिची स्वतःची मुले याच पाण्यावर वाचली, ती सांगते तेव्हा सासूही ऐकते. 'शिकलेला' आणि 'जाणणारा' यांतला हा फरक आपल्या पदवीधरांच्या सहसा लक्षात येत नाही. आम्हीही कला शाखेचे पदवीधर, म्हणून धिटाईने लिहितो.

परिणाम काय झाला? या गावांत १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास हा आकडा तिसाच्या आत आला. हे काही एकट्या औषधाने झाले नाही. पाणी, धान्य, लसीकरण, मुलींची लग्ने उशिरा होणे, बायांच्या मंडळांनी कर्ज काढून शेळ्या घेणे आणि छोटा व्यापार करणे, अशा सर्वांचा त्यात हात आहे.

जामखेडची माहिती जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात आली. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे १३४ देशांच्या सरकारांनी 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा केली. त्यामागे जगातले असे काही मोजके प्रयोग होते आणि जामखेड त्यांतले एक. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकाच्या शेवटी जामखेडच्या एका आरोग्यसेविकेने, मुक्ताबाई पोळ यांनी, वॉशिंग्टनला मोठमोठ्या तज्ज्ञांपुढे भाषण केले. डॉक्टर म्हणजे छताचे महागडे झुंबर आणि आपण म्हणजे एका दिव्याने दुसरा लावता येईल अशी पणती, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले.

२००० साल उजाडले, पण आरोग्य सर्वांपर्यंत पोहोचले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बांगलादेशातील सावर येथे अनेक देशांतील लोकसंघटना जमल्या आणि सरकारांना त्यांच्या वचनाची आठवण करून दिली. भारतातील जन स्वास्थ्य अभियान त्याच हालचालीतून उभे राहिले. २००५ साली केंद्राने ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' नेमल्या : साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावची बाई. कल्पना ओळखीची वाटते ना?

परंतु उचलताना अर्धीच उचलली गेली, असे आमचे स्पष्ट मत आहे. जामखेडच्या बायाही पगारी नोकर नव्हत्या, हे खरे. पण त्यांच्यामागे दर आठवड्याचे शिक्षण होते, अडचण आली तर दार उघडे असणारा दवाखाना होता आणि ऐकून घेणारे डॉक्टर होते. आशाताईच्या वाट्याला आल्या नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि कामागणिक मोबदला. करोनाच्या साथीत त्या घरोघर फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. मात्र महाराष्ट्रातील आशांना २०२१ आणि २०२३ साली संपावर जावे लागले, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. 'स्वयंसेविका' म्हणून ज्यांना गौरवायचे त्यांच्याकडून नोकरीइतके काम घ्यायचे आणि पगाराचे नाव काढले की सेवाभावाची आठवण करून द्यायची, हा व्यवहार बँकेच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मग आपल्यासारख्या मंडळांनी काय करावे? दवाखाना काढणे सर्वांना झेपणारे नाही. पण एक सोपे काम पडून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे ती निराळीच. रात्री अकरा वाजता रोग्याला घेऊन गेलेल्या नातेवाइकाला यातले काही माहीत नसते आणि काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. अशा वेळी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला हाती घेऊन सोबत उभा राहणारा आणि 'धर्मादाय खाट मिळेल का' हे शब्द न कचरता उच्चारणारा एक माणूस लागतो. प्रत्येक वस्तीत असे दोघे-तिघे तयार करावेत, त्यांत निम्म्या बाया असाव्यात, आणि त्यांची पहिली बैठक गावच्या आशाताईला बोलावून, तिला काय हवे हे विचारून घ्यावी.