उसण आणि पायाळूचा पाय

भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोंचा असतो. तो सरकवताना कंबर धरली तर कुणाला नवल वाटत नाही. पण उसण भरायला एवढं वजन लागतंच असं नाही. पलंगाखालची चप्पल काढतानाही ती भरते, शिंकेनंसुद्धा! कंबरेच्या पाच मणक्यांना लगटून दोन्ही बाजूंना जाड स्नायू असतात. वाकून, वर अंग पिळून एकदम जोर दिला की त्यांचे तंतू ताणतात, काही तुटतात. मग आसपासचे स्नायू राखणीसाठी आखडून बसतात, आणि माणूस जेरीस येतो तो बहुधा या राखणीनंच.

बेसिनवर वाकून चूळ भरता येत नाही, कूस बदलताना चमक येते, खुर्चीतून उठायचं तर मांड्यांवर हात टेकावे लागतात. दुखणं कंबरेत, फार तर कुल्ल्यापर्यंत. कळ गुडघ्याखाली उतरली, पायाला मुंग्या आल्या, तर नस दबल्याची शंका घ्यावी.

दिवसदिवस ओणवं राहून भातलावणी करणाऱ्या बायका आणि उसाच्या मोळ्या वाहणारे तोडकामगार यांची कंबर रोजच पणाला लागते. आठवडाभर खुर्चीला चिकटून रविवारी माळा आवरायला चढणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. सकाळ तर विशेष जपायची: मणक्यांमधल्या गाद्या रात्रभरात पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्याउठल्या वाकलं की ताण जास्त पडतो.

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसानं कंबरेला पाय लावला की उसण जाते, असं गावोगाव मानतात. जातेही! बहुतेक उसण काही दिवसांत ओसरते, महिना-दीड महिन्यात बरी होते. श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं, मग तो पाय असो, तेल असो की पट्टा. माझा राग आहे तो ‘अजिबात हलू नका’ या सल्ल्यावर. हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना व्यायाम दिला, उरलेल्यांना झेपेल तसे रोजचे व्यवहार करू दिले. लवकर सावरले ते हे शेवटचे. शेक घ्या, पण घरात फिरत राहा.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सोबत ताप असेल, वजन उतरत असेल किंवा म्हातारं माणूस पडलं असेल, तरी डॉक्टरांना दाखवायचंच. आणि तोवर कुणालाही कंबरेवर पाय ठेवू द्यायचा नाही.