विश्लेषण : वीजतारेचा भार पेलणारा क्लॅम्प, पाच सेंटीमीटर घसरला तर काय होते?

वादळात तार तुटली, जंपर जळाला, तारा लोंबकळत आहेत... नाशिक जिल्ह्यात मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत अशा तक्रारी सुरूच असतात. या तक्रारींमागे तार किंवा खांबापेक्षाही अनेकदा एक छोटा धातूचा तुकडा असतो. तारेला इन्सुलेटरशी जखडून ठेवणारा हा तुकडा म्हणजे क्लॅम्प. खालून पाहणाऱ्याला तो दिसतही नाही. तो नेमका काय करतो, कशामुळे निकामी होतो आणि त्याचा द्राक्षबागेतील मजुराच्या जिवाशी काय संबंध, याविषयी...

इन्सुलेटर असताना क्लॅम्प कशाला?

खांबावर दोन वेगळी कामे एकाच वेळी होत असतात. पहिले काम वीज अडवण्याचे. तारेतील वीज लोखंडी खांबात उतरू नये म्हणून मध्ये चिनी मातीचा, काचेचा किंवा पॉलिमरचा इन्सुलेटर असतो. दुसरे काम वजन आणि ताण पेलण्याचे. तार इन्सुलेटरवर नुसती ठेवून चालत नाही, ती पकडावी लागते. ही पकड क्लॅम्प देतो. म्हणजे इन्सुलेटर विजेशी झुंजतो, तर क्लॅम्प वारा, उष्णता आणि तारेच्या ओढीशी. इन्सुलेटर फुटला तर सहसा वाहिनी बंद पडते आणि बिघाड लगेच कळतो. क्लॅम्पची पकड मात्र हळूहळू सैल होते, आणि ती सैल होत असताना घरातील दिवे नेहमीसारखेच सुरू असतात.

क्लॅम्पचे प्रकार कोणते?

सरळ रेषेत जाणाऱ्या ११ केव्ही वाहिनीवर बहुतेक खांबांवर पिन इन्सुलेटर असतो. त्याच्या डोक्यावरील खाचेत तार बसवून ती मऊ ॲल्युमिनियमच्या तारेने बांधतात. लाइनमन याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. वाहिनीला थोडे वळण असेल तर तार डोक्याऐवजी बाजूच्या खाचेत बांधली जाते, म्हणजे ओढ इन्सुलेटरच्या अंगावर येते आणि बाइंडिंग तुटत नाही.

वाहिनी जिथे संपते, जिथे मोठे वळण घेते किंवा रस्ता, रेल्वेमार्ग ओलांडते तिथे बांधून भागत नाही. तिथे आडव्या इन्सुलेटरच्या टोकाला ‘टेन्शन क्लॅम्प’ लागतो. त्यात तार एका वक्र खाचेत बसते आणि वरून ‘यू’ आकाराचे बोल्ट आवळले जातात. खाचेला बाक मुद्दाम दिलेला असतो. बैलाचा कासरा खुंट्याला नुसता टेकवला तर सुटतो, पण एक वेढा दिला की घर्षणामुळे धरून राहतो. तेच तत्त्व इथे आहे.

उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर इन्सुलेटरची माळ खाली लोंबते आणि तिच्या टोकाला ‘सस्पेन्शन क्लॅम्प’ असतो. तो पाळण्यासारखा थोडा डोलतो. गंमत अशी, की टेन्शन क्लॅम्पने तार सोडायचीच नसते, तर सस्पेन्शन क्लॅम्पने ती ठरावीक ताणानंतर घसरू द्यायची असते. एका बाजूची तार तुटली तर दुसऱ्या बाजूची सगळी ओढ एकाच मनोऱ्यावर येऊन तो आडवा होऊ नये, यासाठी ही सोय.

शहरातील गल्ल्यांत उघड्या तारांऐवजी पिळाची काळी केबल दिसते. ती ‘एरिअल बंच केबल’. तिच्या क्लॅम्पमध्ये पाचरी असतात. केबल जितकी ओढली जाईल, तितकी पाचर घट्ट बसते.

तारेची ओढ किती असते?

ॲल्युमिनियमच्या तारांच्या मध्यभागी पोलादी तारा असलेल्या कंडक्टरला प्राण्यांच्या नावाने ओळखण्याची पद्धत आहे. स्क्विरल, वीझल, रॅबिट, रकून, डॉग या लहान जाडीच्या तारा वितरणासाठी, तर पँथर, झेब्रा, मूस या मोठ्या तारा पारेषणासाठी वापरतात. यांपैकी ‘डॉग’ तारेचे वजन किलोमीटरला सुमारे ३९४ किलो, म्हणजे मीटरला ४०० ग्रॅमही नाही. दोन खांबांतील अंतर ६० मीटर धरले तर त्या टप्प्यातील तारेचे वजन जेमतेम २४ किलो भरते.

पण ओढ वजनाएवढी नसते. तार मध्यभागी ६० सेंटीमीटर झोळ ठेवून ताणली, तर टोकाच्या क्लॅम्पवर सुमारे ३०० किलोची ओढ येते. कांद्याच्या पन्नास किलोच्या सहा गोण्या रात्रंदिवस लटकवून ठेवल्यासारखी. तीन तारा असतील तर शेवटच्या खांबावर नऊ क्विंटल. म्हणूनच अशा खांबाला मागून जमिनीत ताण दिलेला असतो. तार आणखी घट्ट ओढून झोळ निम्मा केला, तर ओढ दुप्पट होते. ‘तारा इतक्या लोंबतात, जरा कसून का ओढत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. थोडा झोळ हा दोष नाही, ती तारेची आणि क्लॅम्पची गरज आहे.

ऋतूंचा परिणाम काय?

नाशिक जिल्ह्यात निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, आणि त्याच भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो. उन्हात तापलेली आणि पंपांच्या भाराने गरम झालेली तार हवेपेक्षाही अधिक तापते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ६० मीटरची तार सुमारे साडेचार सेंटीमीटरने लांबते. हा आकडा किरकोळ वाटतो. पण ताणलेल्या तारेत लांबीचा छोटा बदलही झोळात मोठा होऊन दिसतो. वरच्या उदाहरणात साडेचार सेंटीमीटरच्या वाढीने झोळ जवळपास अर्ध्या मीटरने वाढतो.

क्लॅम्पचे महत्त्व नेमके इथे आहे. दोन टेन्शन क्लॅम्पमधील एकाच टप्प्यात तार क्लॅम्पमधून पाच सेंटीमीटर घसरली, तर परिणाम तोच होतो. फरक इतकाच, की उन्हाने वाढलेला झोळ रात्री कमी होतो, घसरलेल्या तारेचा होत नाही. नियमांनुसार रस्ता ओलांडणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची तार किमान ६.१ मीटर उंच असावी लागते. मूळ उंची काठावरची असेल तर हा अर्धा मीटर उसाने किंवा चाऱ्याने भरलेल्या ट्रॉलीला, बोअरवेलच्या गाडीला पुरेसा ठरतो.

मंद वारा वादळापेक्षा घातक कसा?

वादळात तारा जोरात हेलकावतात, एकमेकींवर आपटतात, झाडाची फांदी पडते. ते नुकसान डोळ्यांना दिसते. मंद, एकसारख्या वाऱ्याचे नुकसान दिसत नाही. सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाचा वारा तारेवरून जाताना तिच्या मागे आळीपाळीने वर-खाली भोवरे सुटतात आणि तार थरथरू लागते. ‘डॉग’ तारेची जाडी सुमारे १४ मिलिमीटर. अशा वाऱ्यात ती सेकंदाला साधारण तीस-चाळीस वेळा थरथरते. ही थरथर क्लॅम्पच्या तोंडाशी येऊन अडते, कारण तिथे तार हलू शकत नाही. लोखंडी तार तोडायची असेल तर आपण ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवतो. इथे तेच घडते, फक्त वाकणे केसाएवढे आणि वेळा कोट्यवधी. एकेक पदर आतून तुटत जातो.

यावर तीन उपाय रूढ आहेत. क्लॅम्पचे तोंड धारदार न ठेवता कर्ण्यासारखे पसरट, गुळगुळीत करणे. क्लॅम्पखालील तारेवर ॲल्युमिनियमच्या सळ्यांचे पिळदार वेष्टण चढवणे. आणि क्लॅम्पजवळ दोन टोकांना वजन असलेला ‘डँपर’ टांगणे. मोठ्या मनोऱ्यांजवळ तारेला डंबेलसारखे काही लटकलेले दिसते, ते हेच. अमेरिकी अभियंता जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी १९२० च्या दशकात त्याची रचना केली. त्यांच्याच नावाने ते आजही ओळखले जाते.

‘जंपर गेला’ म्हणजे काय?

टेन्शन क्लॅम्पपाशी तारेची ओढ संपते, वीज मात्र पुढे जायची असते. म्हणून क्लॅम्पच्या अलीकडची आणि पलीकडची तार एका सैल तुकड्याने जोडतात. तो जंपर. ही जोडणी दोन खाचांच्या क्लॅम्पने, म्हणजे ‘पीजी क्लॅम्प’ने करतात. याला ओढ सोसावी लागत नाही, पण सगळी वीज त्याच्यातून जाते.

ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर लगेच बसतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. जोडण्यापूर्वी तार ब्रशने घासून ग्रीस लावायची असते. ते टाळले किंवा बोल्ट ढिला राहिला की सांध्याचा रोध वाढतो. रोध एक मिलिओहम असेल आणि २०० अँपिअर वीज वाहत असेल, तर सांध्यात ४० वॉट उष्णता तयार होते. रोध पाच मिलिओहम झाला तर २०० वॉट. तापल्याने सांधा आणखी ढिला होतो, ढिला झाल्याने आणखी तापतो. विजेचा प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. त्यामुळे असे सांधे ऐन उन्हाळ्यात, भार सर्वाधिक असतानाच जळतात. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार थेट एकमेकींना जोडली तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यासाठी दोन धातूंचा वेगळा क्लॅम्प वापरावा लागतो.

बोल्ट जास्त आवळला तर प्रश्न सुटतो, असेही नाही. ॲल्युमिनियम मऊ असते. प्रमाणाबाहेर दाबले की ते पसरते आणि काही महिन्यांनी पकड उलट सैल होते. म्हणून ठरावीक जोर दाखवणारा पाना वापरणे अपेक्षित असते.

द्राक्षबागेत धोका अधिक का?

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत मंडपाच्या लोखंडी तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या असतात. वरून जाणारी तार क्लॅम्पमधून निसटली किंवा क्लॅम्पच्या तोंडाशी तुटून या मंडपावर पडली, तर वीज फक्त पडलेल्या जागी राहत नाही. आख्खा मंडप प्रवाहित होऊ शकतो. शंभर फुटांवर छाटणी किंवा विरळणी करणाऱ्या मजुराला तार पडल्याचे कळलेलेही नसते.

तार पडली की उपकेंद्रातील यंत्रणा वीज आपोआप तोडेल, हा समजही पूर्ण खरा नाही. ती यंत्रणा वाढलेला प्रवाह ओळखून काम करते. कोरड्या मातीवर, मुरमावर किंवा डांबरावर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असू शकतो, की यंत्रणेला तो नेहमीचाच भार वाटतो. त्यामुळे ठिणगी नाही, आवाज नाही म्हणून तार मृत आहे, असे धरून चालणे जिवावर बेतू शकते.

दर्जाची खात्री कशी होते?

इन्सुलेटरला जोडल्या जाणाऱ्या धातूच्या भागांसाठी ‘आयएस २४८६’ हे भारतीय मानक आहे. चाचणीत क्लॅम्पमध्ये प्रत्यक्ष तार बसवून यंत्राने ओढतात आणि ती किती ताणाला घसरते ते पाहतात. टेन्शन क्लॅम्पने तार तुटण्याच्या ताणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत ती धरून ठेवणे अपेक्षित असते. लोखंडी भागांवरील जस्ताचा थर, मापे, बोल्टची मजबुती हेही तपासले जाते. क्लॅम्प लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असण्यालाही कारण आहे. लोखंडाचे कडे तारेभोवती पूर्ण झाले तर चुंबकीय परिणामाने ते स्वतःच तापते आणि वीज वाया जाते.

सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकची विद्युत उपकरणांच्या निर्मितीत जुनी ओळख आहे. एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्र आहे आणि शहराजवळ शिलापूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय बंगळूरुला आहे. मात्र प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला नमुना आणि खांबावर चढलेला माल एकाच दर्जाचा असणे, तसेच तो नीट आवळला जाणे, हे शेवटी खरेदीतील तपासणीवर आणि खांबावरच्या हातांवर अवलंबून असते.

नागरिकांनी काय पाहावे?

खांबावर चढणे किंवा काठीने तार सरकवणे हे नागरिकांचे काम नाही. पण खालून दिसणाऱ्या खुणा कळवता येतात. शेजारच्या दोन तारांपेक्षा एकच तार जास्त लोंबणे, रात्री एकाच जागी ठिणग्या किंवा लालसर ठिपका दिसणे, इन्सुलेटर तिरका होणे, तारेचा एखादा पदर सुटून बाहेर येणे, वाऱ्याच्या झुळकेसरशी दिवे लुकलुकणे ही पकड सैल झाल्याची लक्षणे असू शकतात. संक्रांतीला येवल्यात आणि इतरत्र तारांत अडकलेला पतंग ओढून काढण्याचा मोहही टाळायला हवा. मांजा ओढला की तारा एकमेकींना चिकटू शकतात, बाइंडिंग सुटू शकते आणि ओल्या मांजातून वीज हातापर्यंत येऊ शकते.

तक्रार महावितरणच्या १९१२ किंवा १९१२० या क्रमांकांवर करता येते. खांबाचा क्रमांक किंवा जवळची खूण सांगितली तर शोध लवकर लागतो. तार पडलेली असेल तर तिच्यापासून आणि तिला टेकलेल्या कुंपणापासून, मंडपापासून लांब राहावे, इतरांना व जनावरांना रोखावे. आपण जवळच असू तर धावू नये. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, छोट्या छोट्या सरकत्या पावलांनी दूर जावे. तारेभोवतीच्या जमिनीत प्रत्येक पावलागणिक विजेचा दाब बदलतो आणि दोन पायांत जितके अंतर जास्त, तितका धक्का मोठा बसतो. वीजपुरवठा बंद केल्याची खात्री कर्मचाऱ्यांनी दिल्याशिवाय त्या मंडपाला हात लावू नये.