पास व्यापाऱ्याचा, ओढ गाडीवेड्याची

शनिवार पेठेत माझं सीट कव्हरचं दुकान आहे, म्हणूनच लास वेगासच्या सेमा शोचा पास मिळाला. १९६७ पासूनचं हे प्रदर्शन मुळात गाड्यांच्या साजसामानाच्या धंद्यातल्या लोकांचं. नटवलेल्या गाड्यांच्या त्या गर्दीत मी एका जुन्या पिकअपच्या दारापाशी वाकून अस्तराची शिलाईच बघत राहिलो. दुहेरी टीप, एकही टाका वाकडा नाही! असे हात आपल्याकडेही आहेत. मोटार डिझायनर दिलीप छाब्रियांची अवंती ही स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत झळकलीच ना? पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेले मूळ तपशील बदलू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. सुरक्षेचा मुद्दा पटतो मला. तरी रीतसर तपासून मंजुरी देणारी सोपी वाट हवीच. तोवर दुकानात येणाऱ्या पोरांना सांगतो, सायलेन्सरला हात लावू नका, सीट हवी तशी शिवून देतो.